स्कूटर माझ्याकडे आहे

पुणे, २८ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, स्कूटर सर्व्हिसिंगला गेलेली नाही. आईला तसं सांगायला मीच लावलं. परवा तुम्ही आमराईत फिरायला गेलात तेव्हा टेम्पोत चढवली आणि सांगलीहून इकडे आणली. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही गप्प बसता आणि मग मलाच रडू येतं. म्हणून पत्र.

विकलेली नाही. विकणारही नाही. खाली पार्किंगमध्ये आहे, वर आईची जुनी सोलापुरी चादर घातलीय. पण बाबा, गणपती पेठेत दोनदा पडलात आणि दोन्ही वेळा 'पाय घसरला' म्हणालात. पाय घसरला की आरसा फुटत नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचाय, संध्याकाळी समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की तुम्हाला काही दिसत नाही, हे तुम्हीच मला दिवाळीत सांगितलंत. मी उगाच केलं का? तुम्हीच सांगा. नको, सांगू नका.

वर्ष संपत आलं, तशी काल रात्री एकटीच आठवत बसले. मार्चमध्ये डोळ्यावरची पट्टी काढली आणि तुम्ही आईकडे बघून म्हणालात, "अगं, तुझे केस केव्हा पिकले?" आई आठवडाभर रुसली होती. माझ्यासाठी २०२५ सालातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच. मग ऑगस्टात कृष्णेचं पाणी चढत होतं. आयर्विन पुलाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे मी इथं बसून घोकत होते आणि आई, तू २०१९ च्या अनुभवानं कागदपत्रं, लोणच्याच्या बरण्या आणि माझी दहावीची गुणपत्रिका आधीच माळ्यावर टाकून मोकळी. वर मलाच विचारतेस, "जेवलीस का?"

आणि दोन नोव्हेंबर! महिला वर्ल्ड कपची फायनल, पावसामुळे मॅच उशिरा सुरू झाली. तुम्ही तिकडे, मी इकडे, मधे फोन चालू. स्मृती मानधना ४५ वर बाद झाली तेव्हा तुम्ही असे हळहळलात, जणू आपल्याच वाड्यातली पोर परीक्षेत नापास झाली. मध्यरात्री शेवटची विकेट पडली आणि फोनमधून आधी आईचा आवाज आला, "आता झोपा! बीपीची गोळी घेतली का?" आपल्या सांगलीची पोरगी विश्वविजेती झाली आणि ते आपण तिघांनी मिळून बघितलं, यापेक्षा मला काय हवं होतं? प्रमोशनही याच वर्षी मिळालं म्हणा. ते ठीक.

स्कूटरवर चादर घालताना सीटवर हात ठेवला आणि मी पाच वर्षांची झाले. तुम्ही ती डावीकडे तिरकी करून किक मारायचात, मी पुढे उभी, हँडल घट्ट धरून. हॉर्न वाजवायचा मान माझा. पुलावर वारा आला की तुमची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकायची.

असो. आता ऐका. मंगळवार-शुक्रवार बाजाराला आपल्या कोपऱ्यावरचे रिक्षावाले काका येतील. पैसे महिन्याला मी देणार, त्यांच्या हातात तुम्ही काही कोंबू नका. बँकेत जायचं तर आदल्या दिवशी त्यांना फोन. दुसऱ्या डोळ्यासाठी जानेवारीत मी रजा टाकलीय, तारीख पुढे ढकलायची नाही. आई, तू गुडघ्याला तेल लाव आणि माझ्यासाठी भडंग पाठवायच्या नादात उभी राहू नकोस. पाठवलंस तर लसूण जास्त घाल.

बाबा, रागावलात तर रागवा, पण बोलणं बंद करू नका. तुम्ही पुण्याला आलात की मी चालवेन, तुम्ही मागे बसा. किक मात्र तुम्ही मारा, मला अजून जमत नाही. काल तीनदा प्रयत्न केला, वॉचमन हसला.

आणि दुसरी किल्ली रव्याच्या डब्यामागे ठेवलीत, ते मला कळलंय. आईनंच सांगितलं. तिला बोलू नका.

तुमची,
चिमी