सिंहाच्या कलेवरातला मध

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

फोन रोजच होतो, तरी पत्र लिहायला बसले आहे. जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेले की मी हमखास तब्येत-पाण्यावर घसरते.

बाबा, पाळकसाहेबांनी तरुण संघाचे तीन रविवार माझ्या गळ्यात घातले आणि विषयही देऊन मोकळे झाले : बायबलातला अचाट ताकदीचा शमशोन. तुमचा शमशोन! तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात. मी म्हणजे त्याने उचलून नेलेले गज्जाच्या वेशीचे दरवाजे, खांब-अडसरासकट, आणि पलंग म्हणजे हेब्रोनसमोरचा डोंगर. आई ओरडायची, "अहो, पडेल ती!" शास्ते या पुस्तकाचे १३ ते १६ हे अध्याय पेन हातात घेऊन सलग वाचले ते आत्ता, पहिल्यांदाच. तुम्ही किती गाळून सांगायचात ते तेव्हा कळलं.

पहिला रविवार मजेत गेला. गाढवाच्या जाभाडाने मारलेली हजार माणसं, शेपट्यांना मशाली बांधून शत्रूच्या, म्हणजे पलिष्ट्यांच्या, शेतांत सोडलेले ३०० कोल्हे, मुलं एकदम खूश. त्याचा जीव जडला त्या दलीलेपाशी आलो तेव्हा एकाने निकालच देऊन टाकला, "बाईपायी वाया गेला." मागच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. ते हसू माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. मी म्हटलं, परत वाचा. तिने त्याच्या ताकदीचं गुपित तीनदा विचारलं, त्याने तीनदा थाप मारली, आणि तीनही वेळा त्याने सांगितलेलं तिने त्याच्यावर करून बघितलं. आधी ओल्या वाद्या, मग नवे दोर, मग डोक्याच्या सात बटा मागात विणणं. एवढं झाल्यावर चौथ्यांदा खरं, म्हणजे ताकद न कापलेल्या केसांत आहे, हे सांगणारा माणूस फसला असं कसं म्हणायचं? तिने पलिष्ट्यांच्या प्रत्येक सरदाराकडून चांदीचे १,१०० तुकडे ठरवले होते, ते पाप तिचं आहेच. पण कडी त्याने आतून काढली होती.

मला विचाराल तर त्याचं बिनसलं ते फार आधी, चौदाव्या अध्यायात, मधापाशी.

तिम्नाच्या द्राक्षमळ्यांपाशी त्याने सिंह फाडला. (नाजिराला, म्हणजे शमशोनासारख्या देवाला वाहिलेल्या माणसाला, द्राक्षाचं बेदाण्यापर्यंत काही चालत नाही, आणि हा मळ्यांतून हिंडतोय, असो.) आई-बाप त्याच वाटेवर, पण त्यांना पत्ता नाही. काही दिवसांनी तो मुद्दाम वाट सोडून ते कलेवर बघायला गेला. आत मधमाश्या, मध. त्याने तो हातांत घेतला, चालता चालता खाल्ला, आणि आई-बापांनाही नेऊन दिला. त्यांनी खाल्ला. कुठून आणला ते त्याने सांगितलं नाही.

गणनाच्या सहाव्या अध्यायात नाजिराला मेलेल्या माणसाजवळ जायलाही बंदी आहे, आई-बाप वारले तरी. मेलेल्या जनावराचं तिथे नाव नाही, म्हणून कायद्यावर बोट ठेवणारा त्याला सोडवेलही. पण ज्या बाईने हे पोर पोटात असताना द्राक्षारस आणि अशुद्ध काही तोंडाला लावलं नव्हतं, तिच्या ओंजळीत त्याने कलेवरातला मध ठेवला, आणि ती खाताना हा बघत उभा. एवढंच नाही. पुढे लग्नात बायको त्याने याच मधावर घातलेल्या कोड्याचं उत्तर मागत रडते तेव्हा तो म्हणतो, मी माझ्या आई-बापांनाही सांगितलेलं नाही, तुला सांगू? जणू घरच्यांपासून लपवणं हे त्याच्या ताकदीचं मापच.

मुलांना मी आणखी एक गोष्ट दाखवली. मी नाजीर आहे, हे शमशोनाच्या तोंडून त्या चार अध्यायांत एकदाच येतं, आणि ते दलीलेसमोर. नवस त्याने केलेलाच नव्हता. देवदूताने त्याच्या आईला सांगितलं, तिने नवऱ्याला सांगितलं, मानोहाने मुलाला कसं वाढवायचं ते शिकव म्हणून प्रार्थना केली. ह्याला आयता मिळाला, डोक्यावरच्या केसांसारखा. बाप्तिस्मा तान्हेपणी, वचनं तोंडपाठ आणि कुणी विचारलं तर "घरचे ख्रिस्ती आहेत" अशी आमच्या संघातली निम्मी मुलं आहेत. मी त्यांना एवढंच म्हटलं की हे आपलं आहे की नाही ते आधीच ठरवून ठेवा, कुणाच्या मांडीवर डोकं टेकल्यावर आठवायला नको. एक मुलगी वहीत काहीतरी लिहीत राहिली, वर बघेचना.

आणि हे बोलत असताना माझेच कान तापले. ते आता सांगते.

आई, बाबा, माझी आधीची नोकरी मागच्या वर्षीच गेली. 'नवीन प्रोजेक्ट', 'नवीन टीम' म्हणून जे सांगत होते त्यातलं काही नव्हतं. आठ महिने मी घरी होते. तुम्हाला दर महिन्याला येत होते ते पैसे कर्जाचे होते. तुम्ही मागितले नव्हते, कमी पाठवले असते तर चाललं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला थांबायचं नव्हतं, इतकंच. बाबा, तुम्ही फोनवर प्रार्थनेत माझ्या नोकरीबद्दल देवाचे उपकार मानायचात आणि मी इकडून आमेन म्हणायचे. तो आमेन मला त्या मधासारखा वाटतो.

दोन महिन्यांपासून पुन्हा काम आहे. पगार आधीपेक्षा कमी, पण खरा. हप्ते चालू आहेत, चुकत नाहीत. यापुढे पैसे कमी येतील. आई, लगेच बांगड्या मोडायच्या गोष्टी काढू नकोस, तेवढी वेळ आलेली नाही.

ज्या मुलाने दलीलेवर निकाल दिला होता, त्यानेच दुसऱ्या रविवारी विचारलं, "असल्या माणसाला देवाने निवडलंच कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी बनवलंही नाही. तिम्नाच्या लग्नामागे परमेश्वराचा हात होता आणि आई-बापांना ते कळलं नाही, असं शास्त्रच म्हणतं. ते वचन माझ्या अजून घशाखाली उतरत नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाच्या माणसांत गिदोन, बाराक, इफ्ताह यांच्या रांगेत त्याचं नाव आहे, नुसतं नाव. त्याच्या बाजूने एक शब्द नाही, विरुद्धही नाही. खांब पाडून तो पलिष्ट्यांसकट मेला, तो शेवटचा प्रसंग आम्ही विजय म्हणून शिकवतो, तेही मला पटत नाही. डोळे काढलेला, बंदिखान्यात दळण दळणारा माणूस देवाकडे काय मागतो? "एवढी एक वेळ बळ दे, माझ्या दोन डोळ्यांचा सूड घेऊ दे." तेव्हाही डोळे स्वतःचेच. तरी त्याने हाक मारली आणि ती ऐकली गेली. लेहीला, ती हजार माणसं मारल्यावर, तहानेने जीव चालला होता तेव्हाही ऐकली गेली होती. वीस वर्षं तो न्याय करत होता, आणि त्याच्या प्रार्थना लिहिलेल्या आहेत त्या एवढ्या दोनच.

मी मात्र शेवटच्या वचनाशी अडकले. त्याचे भाऊ आणि बापाच्या घरचे लोक गज्जाला गेले, त्याला उचलून आणलं, आणि सोरा आणि अष्टावोल यांच्यामध्ये मानोहाच्या कबरेत पुरलं. म्हणजे बाप आधीच गेलेला. मध कुठला होता, हे त्याला कधी कळलं की नाही ते लिहिलेलं नाही. आईचं तर नावही लिहिलेलं नाही.

म्हणून लिहिलं, बाबा. तुमच्या गुडघ्यांचं ऐकते आणि मनात तारखा मोजायला लागते, ते मला नको होतं.

तिसरा रविवार बाकी आहे. "त्याचे केस पुन्हा वाढू लागले" हे एकच वचन घेऊन येणार आहे. तुम्ही ते कधी सांगितलं होतं का? मला आठवत नाही. पत्र मिळालं की लगेच फोन करू नका. दोघांनी मिळून वाचा, रागवायचं ते आधी रागावून घ्या. रविवारी उपासना झाली की मीच करीन. आधी आईशी बोलेन, तुम्ही तोवर चष्मा शोधून ठेवा, सोळावा अध्याय तुमच्याकडून परत ऐकायचा आहे, या वेळी न गाळता.

तुमची,
बाळी