पेसमेकर बदलताना जागेचाही विचार व्हावा

मा. संपादक,

पेसमेकरची बॅटरी साधारण 8 ते 12 वर्षांत संपत आली, की हृदयातील तारा शक्यतो तशाच ठेवून गळ्याच्या हाडाखालची बॅटरीची डबी तेवढी बदलतात. मात्र तिच्यावरील कातडी पातळ होऊन कड वर दिसू लागली असेल, तर त्याच वेळी ती डबी छातीच्या स्नायूखाली सरकवता येते, हे रुग्णांना क्वचितच सांगितले जाते. खानापूर भागात भाताची पोती खांद्यावर वाहणाऱ्यांना तर हा प्रश्न भेडसावू शकतो. अर्थात जागा बदलल्यास जखम वाढते, रक्त साचण्याचा धोका असतो आणि तारांची लांबीही पुरावी लागते. त्यामुळे सरसकट आग्रह नको. परंतु कन्नड किंवा इंग्रजी संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी बेळगावातील डॉक्टरांनी, ओझे कोणत्या खांद्यावर घेता, एवढे तरी मराठीत विचारावे.

– एक वाचक, खानापूर