काका, माझ्या पोरांना संपातलं घर सांगितलंत त्याबद्दल

प्रिय काका,

थँक्यू जिन्यात भेटल्यावर पण म्हणता आलं असतं, पण तुम्ही लगेच "अरे त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

मोठ्याला कबड्डीच्या टीममधून काढलं त्या दिवशी तो गॅलरीत बसून रडत होता आणि येणारा जाणारा प्रत्येकजण तेच, पोरीसारखा काय रडतोस, पुरुष आहेस ना. तुम्ही बाजूला बसलात आणि त्याला संपाचं सांगायला लागलात. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले हे त्याला माहीत होतं, लालबाग-परळच्या पोरांना ते घरीच कळतं. पण साचेखात्यातला, म्हणजे गिरणीत कापड विणतात त्या खात्यातला, एक तरणाबांड गडी पहाटे पाणी आलं की मोरीत नळ सोडून रडायचा, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. संपाच्या गोष्टीत मोर्चे असतात, भाषणं असतात, हे कुठे असतं?

आणि मग डबे. काकूंनी डबे सुरू केले, तुम्ही कणीक मळायला बसलात, लोक बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणायचे आणि तुम्ही त्यांच्याच दारावरून डबे घेऊन जायचात. त्याचं कौतुक केलं की तुम्ही चिडता, "माझ्या तिप्पट ती राबली, ते सांग पोरांना." सांगतो काका. गिरणगावातल्या खानावळी बायकांनीच चालवल्या, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सोबत घेऊन, हेही सांगतो.

धाकट्याच्या दुसरीच्या बालभारतीत आईबाबा दोघं भाजी निवडतायत असं चित्र होतं, २०१९ ला ती पुस्तकं बदलली तेव्हाचं, मला फार आवडलेलं. पण चित्र बघून पोरगं पान उलटतं हो. तुम्ही रोज गॅलरीत मेथी घेऊन बसता ते त्याला डोळ्यांनी दिसतं, आता तो पण येऊन बसतो, कोणी सांगावं लागत नाही.

मुलगा कमावता झाला पाहिजे हे सगळेच शिकवतात, मीही शिकवतोच. पण कमाई गेली तर त्या माणसाने घरात कसं राहायचं, कोणावर राग काढायचा नाही, हे कोण शिकवतं? संपानंतर किती घरात तो राग बायकापोरांवर निघाला, दारूत निघाला, ते तुम्हीच सांगितलंत. आज नोकऱ्यांचा काही भरवसा नाही, माझ्या दोघांवरही तशी वेळ येऊ शकते, तेव्हा त्यांना तुम्ही आठवाल याचा मला बाप म्हणून खूप मोठा आधार वाटतो. मनापासून आभार काका.

धाकटा रविवारी येतोय, बोंबलाचं कालवण शिकायचंय म्हणे. आणि संपाचं आता काकूंच्या तोंडून ऐकायचंय दोघांना, त्यांना वेळ कधी आहे तेवढं विचारून ठेवा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा