न टिकणाऱ्या रॅडिकलचा वेग

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

जो रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन उरलेला, म्हणून अतिशय क्रियाशील असा रेणूचा तुकडा) बाटलीत भरून ठेवता येत नाही, त्याच्या अभिक्रियेचा वेग मोजतात कसा, हा तुझा प्रश्न फोनवर नीट सांगण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र.

इथाइल रॅडिकल घे, म्हणजे एक हायड्रोजन काढून घेतलेला इथेन. काचेच्या नळीतून हीलियम सतत वाहता ठेवायचा. त्यात रॅडिकल देणारा वायू अगदी थोडा, शिवाय ज्याच्याशी गाठ घालायची तो, समजा हायड्रोजन ब्रोमाइड. लेझरचा झोत नळीतून आरपार गेला की रॅडिकल नळीभर एकदम तयार होतात. नळीच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. त्यातून निसटलेल्या वायूवर अतिनील दिवा पडतो, रॅडिकलचे आयन होतात आणि वस्तुमान वर्णपटमापक (आयन वस्तुमानाप्रमाणे वेगळे करणारं यंत्र) ते मोजतो. सिग्नल ताडकन चढतो आणि काही मिलिसेकंदांत उतरतो. आपल्याला हवा असतो तो हा उतार.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की रॅडिकल नेमके किती आहेत हे कळायची गरजच नसते! हायड्रोजन ब्रोमाइड शेकडो पटींनी जास्त ठेवला की तो जवळजवळ घटत नाही आणि रॅडिकलचा ऱ्हास सरळ घातांकी होतो, म्हणजे ठरावीक वेळात उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा संपतो. मग ब्रोमाइडचं प्रमाण बदलत जायचं आणि प्रत्येक वेळचा ऱ्हासाचा दर आलेखावर मांडायचा. सरळ रेषेचा चढ म्हणजे वेगस्थिरांक, अभिक्रिया मुळात किती वेगवान आहे हे सांगणारा आकडा. ब्रोमाइड शून्य असतानाही जो दर उरतो, तो मुख्यतः नळीच्या भिंतीचा. रॅडिकल काचेवर आदळूनही संपतात, म्हणून आतून मेणासारखा लेप देतात.

१९८८ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ गटमन आणि सहकाऱ्यांनी हेच केलं, तेव्हा तापमान वाढवल्यावर वेग चक्क कमी झाला. म्हणजे सक्रियण ऊर्जा (अभिक्रियेसाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) ऋण. त्याआधी ती एक-दोन किलोकॅलरी धन असेल असं गृहीत धरून, उलट अभिक्रियेच्या सक्रियण ऊर्जेशी तिचा फरक घेऊन रॅडिकलची ऊर्जा काढत असत. ते गृहीतकच चुकीचं निघालं आणि इथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध ९८ वरून १०१ किलोकॅलरी प्रति मोलच्या जवळ गेला. तीन किलोकॅलरी किरकोळ समजू नकोस. समतोल स्थिरांक, म्हणजे अभिक्रिया कोणत्या बाजूला किती झुकते हे सांगणारा आकडा, ऊर्जेवर घातांकी अवलंबून असल्यामुळे खोलीच्या तापमानाला एवढ्या फरकाने तो दीडशे पटींनी बदलतो.

ऑक्सिजनशी होणाऱ्या अभिक्रियेत दाबाचाही प्रश्न येतो. ते पुढच्या पत्रात.

तुझा,
अनिरुद्ध