गजेंद्रगडकरांचे कामगार निकाल मराठीत आणा

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साताऱ्याचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर १९४५ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, १९५७ साली सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ ते १९६६ सरन्यायाधीश होते. विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि न्यायालयाचे अधिकार यांच्या वादावरच्या केशव सिंह प्रकरणातलं त्यांचं मत कायद्याच्या वर्गात शिकवतात. पण ज्या कामगारांच्या पगार-बोनसवर त्यांनी इतकं लिहिलं, त्यांना ते वाचता येत नाही, कारण निकाल इंग्रजीत आहेत.

१९५९ चा असोसिएटेड सिमेंटचा निकालच घ्या. मुंबईच्या गिरण्यांच्या वादातून १९५० साली बोनसचं सूत्र निघालं होतं: नफ्यातून घसारा (यंत्रं-इमारतींच्या झिजेपोटीची वजावट), आयकर, भरणा भांडवलावर (भागधारकांनी भरलेल्या पैशावर) ६ टक्के, खेळत्या भांडवलावर त्याहून कमी परतावा आणि यंत्रं बदलण्याची तरतूद वजा करायची, उरेल त्यात कामगाराचा वाटा. खरी मेख यंत्रांच्या तरतुदीत. यंत्र १ लाखाला घेतलं, आज ३ लाखांना मिळतं, म्हणजे गुणक ३. आयुष्य १० वर्षं उरलं तर भाजक १०. भंगाराची किंमत आणि आधीचा राखीव निधी तूर्त सोडला तर वर्षाला ३० हजार बाजूला पडतात. तेच आयुष्य ५ वर्षं दाखवलं की ६० हजार, आणि बोनस तिथेच गडप! म्हणून खरेदीची किंमत, उरलेलं आयुष्य, आजचा भाव हे सगळं मालकाने पुराव्याने सिद्ध करावं आणि कामगारांना उलटतपासणीची पुरेशी संधी मिळावी, असं गजेंद्रगडकरांनी बजावलं. १९६५ च्या बोनस कायद्याने सूत्र मागे पडलं, पण ताळेबंदाला प्रश्न कुठे विचारायचा हे आजही इथेच शिकायला मिळतं.

क्राऊन ॲल्युमिनियमच्या निकालात तर त्यांनी स्पष्टच लिहिलं, की किमान वेतन देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालण्याचा हक्क नाही.

या दोन निकालांपासून सुरुवात करा. भाषांतर नुसतं यंत्रावर सोडू नका. ‘अवॉर्ड’चा ‘पुरस्कार’ होतो, तिथे ‘निवाडा’ हवा. ‘रेफरन्स’ म्हणजे इथे ‘संदर्भ’ नव्हे, शासनाने न्यायाधिकरणाकडे सोपवलेला वाद. आधी शब्दसूची पक्की करा, मग मसुदा कामगार न्यायालयात काम केलेल्या वकिलाकडून आणि आकडेमोड हिशेबनिसाकडून तपासून घ्या. परिच्छेदांचे क्रमांक मूळ निकालाप्रमाणेच ठेवा, नाहीतर सुनावणीत दाखला देता येणार नाही. छापील प्रती प्रत्येक जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात ठेवा.

शब्दसूचीचं काम आम्ही विनामोबदला करू.

आपले,
कामगार कायद्याचं काम करणारे वकील व युनियन प्रतिनिधी