जेवताना फुगणारी गाठ दाताची नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिसळीचा पहिला घास तोंडात गेला की जबड्याखाली लिंबाएवढी गाठ उठते आणि तासा-दोन तासांत जिरते. हे गालगुंड नव्हे, दाढही नव्हे. बहुधा लाळेच्या नळीतला खडा. तरी आपल्याकडे आधी दाढ काढली जाते, मग प्रतिजैविकांचे दोन-तीन कोर्स होतात. गोळ्यांनी पू ओसरतो, खडा जागचा हलत नाही.

असे ८० टक्क्यांहून अधिक खडे जबड्याखालच्या ग्रंथीचे असतात. तिथली लाळ घट्ट, आणि सुमारे ५ सेंमीची नळी खालून वर चढणारी. तपासताना एका हाताचे बोट जिभेखाली, दुसऱ्याची बोटे जबड्याखाली ठेवून मागून पुढे चाचपावे. उलट केले तर खडा ग्रंथीकडे सरकतो. एक्सरे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नये, कॅल्शियम कमी असलेले खडे त्यात दिसत नाहीत. सोनोग्राफीत २ मिमीपेक्षा लहान खडा निसटू शकतो. शंका उरली तर पातळ कापांचा साधा (शिरेत औषध न टोचता केलेला) सीटी स्कॅन करावा.

साधारण ४ मिमीपर्यंतचा, हलता खडा दुर्बिणीतून जाळीने निघतो. मोठा असेल तर तोंडातूनच नळी उघडतात, पण आधी खड्याच्या मागे टाका घालून, नाहीतर तो आत पळतो. नळी पुन्हा शिवून बंद करू नये, आकसते. अक्कलदाढेजवळ जिभेची संवेदना नेणारी शीर नळीखालून जाते. ती नजरेस पडल्याशिवाय सुरी चालवली तर अर्धी जीभ बधिर होऊ शकते.

वर्षानुवर्षे अडकलेला खडा कधी नळी फोडून बाहेरच्या मांसात शिरतो. अशा वेळी दुर्बिणीला नळी रिकामी दिसते. म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी सोनोग्राफी पुन्हा करावी, महिन्यापूर्वीच्या रिपोर्टवर विसंबू नये. कधी पू मानेच्या त्वचेतून फुटतो आणि छिद्रातून जेवताना लाळ झिरपते. हे केसतूड किंवा क्षयाची गाठ समजून मलमपट्टी चालते. नुसते छिद्र शिवून टिकत नाही. बहुतेकदा खडा, ग्रंथी आणि पुवाचा मार्ग एकत्र काढावा लागतो. तेव्हा छेद जबड्याच्या कडेखाली दोन बोटे सोडून घेतात, नाहीतर खालच्या ओठाचा कोपरा लुळा पडण्याची भीती.

लिंबू चोखण्याचा सल्ला लहान खड्याला ठीक. पूर्ण तुंबलेल्या नळीत त्याने कळच वाढते. आणि ताप, जिभेखाली लाकडासारखा कडकपणा, लाळ गिळता न येणे असे दिसले तर गगनबावडा असो की चंदगड, सकाळची वाट न पाहता रात्रीच निघावे. गाडीत रुग्णाला उताणे झोपवू नये, बसवूनच आणावे.

आपले,
दोन कान-नाक-घसा शल्यचिकित्सक, कोल्हापूर