आधी माझं कपाट

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, रविवारी फोन ठेवताना तू म्हणालीस, "तुमचं घर आहे, काय करायचं ते करा." तेव्हापासून ते वाक्य माझ्या कानातून जात नाहीये. घर तुमचं आहे. फोनवर घराच्या दुरुस्तीचा आणि त्याआधी सामान आवरण्याचा विषय काढला की माझा आवाज चढतो, बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि बोलणं तिथेच थांबतं. म्हणून पत्र लिहिते आहे. सावकाश वाचा. जे पटणार नाही त्याच्यापुढे पेन्सिलने खूण करून ठेवा, मी आले की त्यावर बोलू.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. सगळं घर रिकामं कशाला करायचं, सामान वरच्या मधल्या खोलीत सरकवू, चादरी टाकू, असं तुमचं म्हणणं. मीही सुरुवातीला हेच धरून चालले होते. पण इंजिनिअरने खालच्या खोलीच्या छताचा सुटलेला पोपडा काढून आतला गज दाखवला, तेव्हा मला घाबरायला झालं. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. काँक्रीटला तेवढं फुगता येत नाही, म्हणून ते आतून फुटतं. फटीतून ओल शिरते, गंज वाढतो, आणखी फुटतं. आपण दोनदा वरवर गिलावा करून रंग दिला आणि आत हेच चालू राहिलं. आता सैल झालेलं सगळं ठोकून काढायचं, गज घासायचे, काम होईपर्यंत खालून टेकू लावायचे. आणि ज्या छताला टेकू लागणार आहेत, त्याच्याच वर तुमची ती मधली खोली आहे.

बाबा, तुम्हाला हिशेब आवडतो म्हणून हा करून पाहिला. पाचशे कोऱ्या कागदांचा गठ्ठा अडीच किलोचा, जाडी पाच सेंटीमीटर. म्हणजे कागदांनी ठासून भरलेली एक मीटरची फळी पन्नास किलोच्या घरात जाते. तुमच्या फाइलींच्या कपाटाला अशा पाच फळ्या आहेत. त्यात पुस्तकं, लोखंडी कपाटं आणि पलंग धरा. हे सगळं दुबळ्या झालेल्या स्लॅबच्या मधोमध रचायचं का?

दुसरी गोष्ट धुळीची. ती मला जास्त सतावते आहे. वायरिंगसाठी भिंतीत खाचा पाडताना आणि लाद्या कापताना जी धूळ उडते, ती झाडून निघणारी धूळ नाही. तिच्यात सिलिका, म्हणजे वाळू-दगडातलं खनिज, असतं. तिचे सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि फुप्फुसात खोलवर उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका १९९७ सालीच कर्करोगकारक ठरवली. कंत्राटदाराला मी सांगून ठेवलं आहे की कापताना पाणी मारायचं आणि काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला चांगला मास्क हवा. पण चादरीतून ही धूळ आरपार जाते, आणि बाबांना जिना चढताना आताच धाप लागते. त्या घरात तुम्ही दोघांनी एक दिवसही राहायचं नाही. यावर मात्र मी ऐकणार नाही.

आता जे मला खरं बोलायचं आहे ते. आई, चार वर्षांपूर्वी तुम्ही दोघं आठ दिवस बाहेर गेला होतात आणि मी माळा साफ केला. तुम्ही आल्यावर स्वच्छ माळा बघून खूश व्हाल असं वाटलं होतं. त्यात जुन्या वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. मी तो न सोडताच रद्दीत दिला. तुझे बेतायचे कागद होते ते. माझ्या चौथ्या वर्षीच्या फ्रॉकपासून दादाच्या शाळेच्या शर्टापर्यंत प्रत्येक कपड्याचा कागद, त्यावर पेन्सिलने मापं आणि कोणासाठी ते. तू दोन दिवस काही बोलली नाहीस. मग म्हणालीस, "असू दे, आता कुठे शिवते मी." मीही तेवढ्यावर सुटका करून घेतली. तुझी माफी मागायची राहून गेली. आज मागते आहे. मला वर्तमानपत्र दिसलं, त्यावरचं तुझं अक्षर बघायची तसदी मी घेतली नाही.

म्हणून या वेळी एकच नियम. कुठलीही वस्तू तुमच्यापैकी एकाच्या हातातून गेल्याशिवाय घराबाहेर जाणार नाही. बांधलेला गठ्ठा सुटेल, बंद डबा उघडेल, वही चाळली जाईल. वेळ लागला तर लागू दे. कामाला अजून दहा आठवडे आहेत, म्हणूनच मी आत्ता मागे लागले आहे. शेवटच्या चार दिवसांत आवरायला घेतलं की माणूस एक तर सगळं टाकतो, नाहीतर सगळं खोक्यात कोंबतो. मग दोन्हीचा पस्तावा होतो.

आणि सुरुवात तुमच्या वस्तूंपासून करायची नाही. त्या दिवशी मी मनातल्या मनात घरभर फिरून सामान मोजत होते. मागच्या खोलीतलं मोठं कपाट माझं. पलंगाखालच्या दोन ट्रंका दादाच्या. माळ्यावर माझी कॉलेजची पुस्तकं, त्याची सायकल, माझ्या मुलीचा पाळणा, आमच्या दोघांच्या घरांत मावलं नाही ते सगळं. वीस वर्षं आम्ही तुमच्या घराचं गोदाम केलं आणि वर तुम्हालाच म्हणतो की किती साठवून ठेवता. पहिले दोन दिवस मी फक्त माझं कपाट उपसणार. दादाला सांगितलं आहे, त्याने महिन्याभरात येऊन ट्रंका न्यायच्या किंवा काय ठेवायचं ते लिहून कळवायचं. त्याने कळवलं नाही तर मी त्याच्या मागे लागेन. तुम्ही त्याची काळजी वाहायची नाही.

मग भांडी, अंथरुणं, कपडे, म्हणजे जिथे मन फारसं अडत नाही ते. फोटो सगळ्यात शेवटी. फोटोंनी सुरुवात केली की अख्खी दुपार एका अल्बममध्ये जाते आणि बाकीचं तसंच राहतं. ती दुपार मला हवी आहे, पण शेवटी. दिवसाला दोन तास, तेही सकाळी. तुम्ही दोघं खुर्चीत बसा, वस्तू मी आणून देईन. "ठेवायची की द्यायची" हा प्रश्न पन्नास वेळा सोडवला की हातपाय थकले नसले तरी डोकं थकतं, आणि थकलेल्या डोक्याने केलेला निर्णय रात्री झोपू देत नाही.

आई, मोठ्या पातेल्यांबद्दल तू म्हणालीस की टाकवत नाहीत. नको टाकूस. मी बघत आले आहे, तुझं अडतं ते टाकण्यापाशी. देताना तुझा हात कधी मागे आला नाही, फक्त कोणाकडे जातंय ते तुला माहीत असायला हवं. तू नावं सांग, मी फोन करते. ते येतील, तुझ्या हातून घेतील. ज्याला घेणारा सापडणार नाही त्याचं शेवटी बघू. शिवणयंत्राच्या ड्रॉवरला मी हातही लावणार नाही. तो तू एकटीने भर आणि खोक्यावर तुझ्या अक्षरात लिही.

बाबा, तुमच्या "उपयोगी पडेल" वर मी खूप वर्षं चिडले. निम्म्या गोष्टींत तुमचंच बरोबर निघालं. दारांच्या चौकटी काढून फेकू म्हणणाऱ्या मिस्त्रीला तुम्ही थांबवलंत ते फार चांगलं केलंत. इतकी वर्षं मुरलेलं लाकूड आता वाकायचं नाही, त्याच्या फळ्या होतील. बिजागऱ्या, कड्या, पितळी नळसुद्धा ठेवू. पण फुगलेल्या बॅटऱ्यांचे जुने मोबाइल, पारा असलेले ट्यूबलाइट आणि मुदत संपलेली औषधं यांच्यासाठी मी भांडेन. हे साध्या कचऱ्यातही जाता कामा नये. मोबाइल आणि ट्यूबलाइट ई-कचरा घेणाऱ्यांकडे मी स्वतः पोचवीन, आणि औषधं बेसिनमध्ये ओतायची नाहीत. भिंतीवरचा जुना ऑइलपेंट कोणालाही कोरडा घासू देऊ नका. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं.

फाइलींचं काम तुम्हाला वाटतं त्याहून हलकं आहे. गेल्या वेळी मी तुमची बिलांची फाइल उघडली तर पानंच्या पानं कोरी. मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत पावत्यांवर शाई नसतेच, कागद तापून अक्षरं उमटतात आणि पुढे विरून जातात. असे कागद विचार न करता काढता येतील. राहिले खरे कागद: घराची मूळ कागदपत्रं, विमा, बँक, दाखले, डॉक्टरांचे रिपोर्ट. यांची एक पिशवी. ती ना खोक्यात जाणार ना टेम्पोत. ती तुमच्या हातात, तुमच्याबरोबर. सगळ्यांचे फोटो काढून ठेवू, पण घराच्या कागदांत मूळ ते मूळ.

खोकी लहान आणली आहेत, मुद्दाम. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की ते उचलताना कंबर जाते. प्रत्येक खोक्यावर दोन बाजूंना आत काय आहे आणि कुठल्या खोलीतलं ते लिहायचं. वर लिहू नका, एकावर एक रचल्यावर वरचं वाचता येत नाही. भरलेली खोकी जाण्या-येण्याच्या वाटेत एक रात्रही ठेवायची नाहीत. दरवर्षी जगभरात ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात साठीपुढची माणसं सगळ्यात जास्त असतात. आई, तू रात्री दिवा न लावता उठतेस, म्हणून हे लिहिलं. बोळातलं उंच कपाटही मला परत तिथे नको आहे. ते तुझ्या सासूबाईंचं आहे हे मला ठाऊक आहे. तरीही त्याच्यामुळे बोळात एकच माणूस जेमतेम मावतो, आणि पुढे कधी काठी किंवा वॉकर लागला तर तुम्ही अडकाल. ते घरातच राहील, फक्त दुसऱ्या भिंतीला.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. तो डिंक वर्षं गेली की आणखी घट्ट होतो. आधी पान जसं आहे तसं मोबाइलवर टिपायचं, मग दात साफ करायचा साधा दोरा फोटोखालून करवतीसारखा हलके हलके सरकवायचा. मी घरच्या एका अल्बमवर करून पाहिलं, एकही फोटो फाटला नाही. जो सुटणार नाही तो पानासकट ठेवू. कोण कोण आहे ते मागे लिहायला मऊ पेन्सिल आणते. ते फक्त तुम्हा दोघांनाच सांगता येणार आहे. त्या लग्नाच्या फोटोत डावीकडे उभ्या असलेल्या बाई कोण, ते मला आजही माहीत नाही. आणि आजीचा आवाज असलेली कॅसेट कुठे आहे? टेप वाजवायचं यंत्र मिळवलं आहे. खोकी भरायच्या आधी ती सापडली पाहिजे, बाकी काही नाही सापडलं तरी चालेल.

बाबा, तुमच्यासाठी एक काम राखून ठेवलं आहे. गिलावा चढायच्या आधी उघड्या भिंतींचे फोटो काढायचे, पाइप आणि वायरींच्या शेजारी मोजायची टेप धरून, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते दिसेल असे. पुढे खिळा ठोकताना कोणाला अंदाज बांधावा लागणार नाही. त्यासाठी काम थांबलेलं असेल आणि धूळ बसलेली असेल तेव्हाच मी तुम्हाला घेऊन जाईन. आणि परत राहायला येण्याची घाई करायची नाही. काँक्रीट निदान सात दिवस ओलं ठेवावं लागतं, त्याची ताकद मोजतात २८ दिवसांनी. नव्या गिलाव्यातली ओल त्यानंतरही हळूहळू बाहेर येत राहते. लगेच कपाटं भिंतीला टेकवली तर मागे बुरशी धरेल.

मी पुढच्या शनिवारी सकाळी येते, एकटीच. आई, माझ्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे आहे की माझ्याकडे राहिली, ते कळव. आणि तोवर कोणी काही उचलायचं नाही, माळ्यावर तर चढायचंच नाही.

तुमची,
लेक